दुपारी झोपणारा यजमान

सोमवार, ४ ऑक्टोबर

आलो एकदाचे! सामान लागलं, गॅस जोडला, अण्णांची औषधं फळीवर ओळीने मांडली आणि मी नव्या वहीचं पहिलं पान उघडून बसलो आहे. आजपासून मी प्राणिशास्त्र संग्रहालयाच्या कीटक विभागात ढेकणांचा अधिकारी. फोनवर ताईला हसू आवरेना. म्हणाली, जग ढेकूण घालवायला धडपडतं आणि तू ते सांभाळायला घर सोडून निघालास. हसू दे. शेहेचाळिसाव्या वर्षी मनासारखं काम मिळायला नशीब लागतं.

विभागाने राहायला दिलेलं घर इमारतीच्या मागेच आहे, अंगण ओलांडलं की कचेरी. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली. मागच्या खोलीत कुणीतरी ठेवून गेलेला एक ऐसपैस लाकडी पलंग आहे. तो दारातून बाहेर काढताच येत नाही म्हणून तो तिथेच राहिला म्हणे. गजांच्या खिडकीपाशी हातांची खुर्ची आहे. अण्णा त्या खुर्चीत बसले आणि ही माझी, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. तेव्हा मागची खोली त्यांची, पुढची माझी.

अण्णांचं विसरणं वाढलं आहे. सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नाही, कधी कधी मला धाकटा काका समजतात. पण जन्मभर शिंपीकाम केलेली नजर तशीच आहे. सामान उतरवायला आलेल्या रखवालदाराला त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, की तुझा डावा खांदा उतरलाय, कोट शिवताना सांभाळून घ्यावं लागेल. बिचारा घरी जाऊन आरशात बघणार.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

विभागप्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण त्या खोलीत आल्या की शिपाईसुद्धा पोट आत घेतो. त्यांनी मला कपाटं दाखवली. ड्रॉवरमागून ड्रॉवर, प्रत्येकात टाचण्या, टाचणीवर कागदाचा इवलासा त्रिकोण आणि त्याच्या टोकाला चिकटवलेला एकेक ढेकूण. वटवाघळांचे ढेकूण, पाकोळ्यांचे, कबुतरांचे आणि आपले, म्हणजे माणसांचे. साध्या डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात. भिंगाखाली धरले की कळतं, याची मानेमागची पाटी रुंद, त्याची अरुंद, याचे केस आखूड, त्याचे लांब, याची सोंड पायांच्या पहिल्या जोडीपर्यंत, त्याची त्याच्याही पुढे.

ढेकूण ज्याचं रक्त पितो त्याला आमच्याकडे यजमान म्हणतात. बाईंचं म्हणणं, की यजमान सापडला की ढेकूण ओळखला म्हणून समजा. उवा अंगावर राहतात, ढेकूण नाही. यजमान जिथे झोपतो तिथे ढेकूण राहतो आणि यजमान झोपला की जेवायला निघतो. एवढं डोक्यात ठेवा, बाकी सगळं भिंग शिकवेल, म्हणाल्या.

जिवंत ढेकूणही आहेत, बरण्यांत, घड्या घातलेल्या कागदांवर. बरणीच्या तोंडाला झिरझिरीत कापड बांधायचं, ती हातावर उपडी धरायची आणि त्यांना कापडातून पिऊ द्यायचं. ही इथली जुनी पद्धत आहे. ज्याची बरणी त्याचा हात, सबब चालत नाही. बाईंच्या दोन्ही हातांवर लाल ठिपक्यांची नक्षी आहे आणि त्या ती बांगड्यांसारखी मिरवतात. आज मीही हात दिला. खाज सुटली, पण नोकरीत कायम झाल्यासारखं वाटलं.

नवी जात सापडली तर नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. स्वतःचं नाव द्यायचं नसतं, ते फार वाईट दिसतं. मी ठरवून टाकलं आहे, अण्णांचं देणार. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, अरे, निदान फुलपाखरू तरी बघायचंस.

बुधवार, १३ ऑक्टोबर

कुणाला सांगू नये अशी गोष्ट. ढेकणांच्या अधिकाऱ्याच्या घरात ढेकूण! अण्णांची चादर बदलताना पलंगाच्या सांध्यात दिसले. लाजेने कान गरम झाले. गपचूप चार-पाच डबीत घेतले आणि कचेरीत जाऊन भिंगाखाली धरले.

मग लाजबीज सगळी पळाली. हे आपले नाहीत. वटवाघळांचे नाहीत, पाखरांचेही नाहीत. अंगभर लांब, मऊ केस, सोंड भलतीच लांब आणि टोकाला वळलेली. सगळे ड्रॉवर पालथे घातले, याच्या जवळपासचंही काही नाही. बाईंना बोलावलं. त्या बराच वेळ भिंगावर वाकून राहिल्या आणि मग त्यांनी मला चक्क खुर्ची दिली. नवी जात!

घरी येऊन अण्णांचे हात, पाठ, मान नीट तपासली. एकही चावा नाही. मला काही चावत नाही रे बाळ्या, म्हणाले. त्या पलंगाचं काही सांगत होते, पण माझं लक्ष नव्हतं.

शनिवार, १६ ऑक्टोबर

नव्या बरणीला हात दिला. कापडापाशी आले, सोंड लावली आणि मागे फिरले, एखाद्याने ताट सरकवून उठावं तसे. कबुतर दिलं, नको. उंदीर, कोंबडी, वटवाघूळ, सगळं नको. आणि पलंगातून आणलेले मात्र टम्म फुगलेले! म्हणजे कुणाचं तरी पितात. कुणाचं, ते कळल्याशिवाय नाव लागणार नाही. फुगलेल्यांच्या पोटातलं रक्त तपासणीला पाठवलं आहे.

ताईचा फोन आला. तिचा पारा चढला होता. घरात औषध मार, नाहीतर अण्णांना माझ्याकडे पाठव, म्हणाली. औषध मारलं तर सगळंच संपलं. मला अजून नर मिळालेला नाही, सगळ्या माद्या आणि पिल्लं. नराशिवाय वर्णन अपुरं राहतं. तिला म्हटलं, महिनाअखेर बघू. अण्णांना चावत तर नाहीत, मग बिघडलं कुठे?

बुधवार, २० ऑक्टोबर

आज एक गंमत दिसली, म्हणजे तेव्हा गंमत वाटली. बाकीच्या बरण्या दिवसभर गपगार असतात. ही बरणी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर जागी होते. सगळे एकदम कागदातून निघून कापडाला लोंबकळतात आणि उन्हं कलली की परत जातात. रोज तेच. बाई हसून म्हणाल्या, यांचा यजमान कचेरीतला जुना कारकून दिसतो, दुपारी झोपणारा.

मीही हसलो. घरी निघालो आणि अंगणाच्या मध्यावर पाय थांबले.

ढेकूण यजमानाच्या बिछान्यात राहतो. हे अण्णांच्या बिछान्यात राहतात. यजमान दुपारी झोपतो. दुपारी मी कचेरीत असतो आणि घरात अण्णा एकटे असतात.

अण्णा खिडकीपाशी खुर्चीत होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, दुपारी पडत का नाही हो पलंगावर? ते म्हणाले, कसा पडू, पलंग रिकामा कुठे असतो? तुला किती दिवस सांगतोय.

सांगत होते. खरंच सांगत होते. मी ते विसरण्यात जमा केलं होतं.

शनिवार, २३ ऑक्टोबर

आज दुपारी मधूनच घरी आलो. मागच्या खोलीत अण्णा खुर्चीत. पलंग रिकामा, पण गादीला खळगा पडलेला. मी हात ठेवला. ऊब होती.

अण्णा, तुम्ही पडला होतात का? नाही म्हणाले. आत्ताच उठून गेला तो. कोण तो, कुठे गेला, ते त्यांना सांगता येईना. पोटमाळा बघितला, पलंगाखाली बघितलं, अंगणातली मोरी, लाकडांचा ढीग, सगळं बघितलं. काही नाही.

मग अण्णा आपणहून बोलू लागले, एखाद्या गिऱ्हाइकाबद्दल बोलावं तसं. पहिल्यांदा फार लांब होता म्हणे, पाय पलंगाबाहेर यायचे, खांदे जागेवर नव्हते. अशा मापाचा कपडा मी जन्मात शिवला नव्हता. थंडीने कुडकुडायचा म्हणून मी माझी गोधडी दिली, नंतर कोट दिला. आता बसतो त्याला माझा कोट. खांदा, बाही, उंची, सगळं बरोब्बर माझं माप झालंय.

हे सांगताना त्यांना कौतुक वाटत होतं. माझ्या अंगावर काटा आला. तरी मनाची समजूत घातली, की म्हाताऱ्या माणसाच्या मनाचे खेळ आहेत.

पण ऊब?

सोमवार, २५ ऑक्टोबर

रक्ताचा निकाल आला. माणूस नाही. पशू नाही, पक्षी नाही, सरपटणारं नाही. प्रयोगशाळेकडे जेवढ्यांचे नमुने आहेत त्यातल्या कशाशीच जुळत नाही. नमुना खराब झाला असेल, परत पाठवा, असं कळवलं आहे.

बाईंना मी सगळं सांगितलं, कोटाचं सोडून. त्या परगावी निघाल्या होत्या, रविवारी परत येतील. जाताना म्हणाल्या, तोवर काहीही हलवू नका, पलंगाला हात लावू नका, असा यजमान मिळाला तर तुमचं नाव पुस्तकात जाईल.

आजच अण्णांना घेऊन ताईकडे जायला हवं होतं. बॅग काढलीसुद्धा. मग परत वर ठेवली. नराचा पत्ता नाही, यजमानाचा पत्ता नाही, आणि रविवारपर्यंतचाच तर प्रश्न. हावरटपणा आहे हा, कळतंय मला. उद्यापासून अण्णांना पुढच्या खोलीत माझ्याजवळ ठेवेन. ताईला फोन केला, रविवारी गाडी घेऊन येते म्हणाली.

मंगळवार, २६ ऑक्टोबर

पाहिलं.

सकाळी घाईत अण्णांना पुढे आणायचं राहिलं होतं. दुपारी आलो. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पलंगावर गोधडी डोक्यावरून घेऊन कुणीतरी झोपलं होतं. भिंतीकडे तोंड. गोधडी वर जात होती, खाली येत होती. श्वास घेत होतं ते.

अण्णा खुर्चीत होते. पाठ माझ्याकडे, अंगात कोट, डोक्यावरून शाल. ओरडलो नाही, कसा कोण जाणे. अण्णांचा हात धरला, उठवलं, ओढतच बाहेर आणलं, दार लावलं, कुलूप घातलं. मग कपडे ठेवायचं मोठं कपाट घसरवत नेऊन दाराला लावलं. एरवी ते माझ्याने हललं नसतं. खिडकीला गज आहेत, तिथूनही बाहेर पडता येणार नाही. आत पाण्याचा तांब्या आहे, म्हणजे रविवारपर्यंत जगेल.

अण्णा वाचले. जीव भांड्यात पडला.

रखवालदाराला सांगावं असं मनात आलं. तो काठी घेऊन आला असता, आणि काठीने मारलेला यजमान मला नको. बाई येऊ देत. आता यजमान माझ्या हातात आहे! भीतीने दात वाजताहेत आणि तरी हे लिहिताना— जाऊ दे.

अण्णा माझ्या पलंगाच्या कडेला बसून आहेत. एक शब्द बोलत नाहीत. हात बर्फासारखे. धसका घेतलाय त्यांनी.

बुधवार, २७ ऑक्टोबर

आज कचेरीत गेलो नाही. सकाळपासून दार वाजतंय. आधी हळू, मग जोरात. आणि नंतर—

ते अण्णांचा आवाज काढतं.

हुबेहूब. तसंच खाकरणं, तसंच बाळ्या म्हणणं. बाळ्या, दार का लावलंस रे. बाळ्या, मी जरा आडवा झालो होतो, तू का रागावलास. पाणी संपलं म्हणतं. माप घेतलं, कोट घेतला, आता आवाजही घेतला. मी कानात कापूस घातला. तरी ऐकू येतं.

ओरडून म्हणालो, गप्प बस. तू अण्णा नाहीस. तेव्हा ते रडायला लागलं. बाळ्या, मग मी कोण आहे रे, असं विचारत होतं.

अण्णांना मी हे ऐकू देत नाही, रेडिओ मोठा लावून ठेवला आहे. त्यांना मात्र कशाचंच काही नाही. भिंतीकडे तोंड करून बसतात. शाल काढू देत नाहीत. भात भरवायला गेलो तर तोंड मिटून घेतलं, पाणीही नको. दुपारी मात्र गाढ झोपले. मला जरा बरं वाटलं. झोप हवीच आहे त्यांना.

ताईने फोनवर अण्णांना दे म्हटलं. दिला. ते नुसते श्वास घेत राहिले. ती म्हणाली, काय झालंय त्यांना, बोलत का नाहीत? घाबरलेत, म्हटलं. उद्याच निघते म्हणाली. उद्या निघाली तरी परवा संध्याकाळ होणार.

गुरुवार, २८ ऑक्टोबर

आवाज कमी झाला. सकाळी नखांनी दार खरवडल्यासारखं काहीतरी होतं, दुपारनंतर तेही नाही. सुटलो! रेडिओ बंद केला. घर शांत.

चादर झटकताना माझ्या पलंगाच्या सांध्यात ढेकूण दिसले. तेच. लांब केस. टम्म फुगलेले, ताजे.

कसं शक्य आहे? यजमान कुलपात आहे. इथे कुणी झोपत नाही. मी जमिनीवर झोपतो. इथे फक्त अण्णा—

त्यांच्या कपड्यांतून आले असतील. उपाशी असतील आणि हे फुगणं जुनं असेल. असंच असेल.

पण पोटातून लाल दिसतंय. रक्त काळं पडायला वेळ लागतो. हे आजचं आहे.

शुक्रवार, २९ ऑक्टोबर

रीत अशी, की घरात जेवढे जीव आहेत तेवढे सगळे तपासायचे. कबुतर तपासलं. उंदीर तपासला. मी स्वतःला तपासलं. अण्णांच्या हातावर बरणी कधी धरली नाही. वडिलांच्या हातावर कोण ढेकूण सोडतो?

आत्ता दुपारी ते झोपले तेव्हा बरणी आणली. कोटाची बाही वर केली. मनात म्हणत होतो, मागे फिरा, मागे फिरा. माझ्या हातापासून फिरलात तसे फिरा.

सगळे धावले. एकावर एक पडले. प्यायला लागले.

मी बरणी तशीच धरून उभा राहिलो. मग शाल बाजूला केली. चेहरा अण्णांचाच आहे. जवळजवळ. कान अजून—

मंगळवारी अण्णा दमले असतील. रोज त्या खुर्चीत बसून कंबर धरली असेल. पलंग एकदाचा रिकामा दिसला आणि ते आडवे झाले. गोधडी डोक्यावरून घेतली, नेहमी घेतात तशी. आणि खुर्चीत—

मी कुणाला कुलूप घातलं.

पाणी मागत होते. ते रडत होते आणि मी रेडिओ लावला.

हे लिहितोय ते ताईसाठी. ताई, आत आलीस की पुढच्या पलंगावर जे असेल त्याला अण्णा म्हणू नकोस. त्याच्या जवळ जाऊ नकोस. मागच्या खोलीत जा.

ते अजून झोपलंय. उन्हं कलायच्या आत व्हायला हवं. किल्ली आहे माझ्याकडे. कपाट हलत नाही. मंगळवारी कसं हललं होतं? थोडं सरकलं की करकरतं आणि मी थांबतो, वळून बघतो, वही हातात धरून ठेवली आहे, हात कशात तरी गुंतलेले हवेत नाहीतर किंचाळेन.

दाराला कान लावला. हळूच हाक मारली, अण्णा.

काही नाही.

अण्णा, मी बाळ्या. चुकलो हो.

टकटक. एकदाच. खालून, जमिनीजवळून.

आहेत! आहेत अजून!

पुढच्या खोलीत पलंग वाजला.

कपाट वीतभर सरकलंय, हात आत जातो, कुलूप बोटांना लागतंय, अण्णा दम धरा, आलो, हा आलोच, एवढं फिरलं की—

मागून कुणीतरी बाळ्या म्हणालं. माझ्या पाठी